दिसत्या पडीवरची शिट्टी

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तीसुद्धा वडील इतकी सावकाश करायचे की रांगेतली मागची माणसं ओरडायची. मी शिकलो, पुढे शिकवायला लागलो, पण पुस्तकात बसावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. शिवाय जे सांगायचंय ते एका कुत्रीबद्दल आहे, आणि कुत्र्यांमधलं मला आजही फार कळत नाही. कळत नसताना एका सकाळी मी परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलो. त्या सकाळबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेलो नाही, बायकोशीसुद्धा नाही.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडे. बारावीनंतर सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात नाव घातलं, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. आईचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केलं होतं त्यांच्यापुढे वडील टोपी हातात धरून उभे राहिले, आणि डॉक्टर म्हणाले, "मळ्यात आबा आहेत. त्यांच्या खोलीशेजारी एक खोली रिकामी आहे. राहू दे पोराला." विश्रामबागच्या मागे, वस्ती संपते तिथे हा मळा होता. डॉक्टर जैन. घरात अंडंसुद्धा चालत नसे, आणि छंद मात्र शिकारीतून पक्षी आणून देणाऱ्या लॅब्राडॉर कुत्र्यांचा. शिकार अर्थातच कुणी करत नव्हतं, कायद्यानंच बंद. पण कुत्र्याच्या रक्तातली ती हुशारी जगावी म्हणून डॉक्टर आणि त्यांचे चार मित्र दर हिवाळ्यात कॅनव्हासच्या गुंडाळ्या फेकून कुत्र्यांची परीक्षा घ्यायचे. आबांची बायको, जिला मी काकी म्हणायचो, ती हसायची. "शिकार न्हाई, पाखरू न्हाई, आन् परीक्षा कसली रं? तुमच्या कालेजागत झालं की हे."

आबा मूळचे म्हसवडकडचे. सैन्यात कुत्र्यांच्या पथकात नाईक होते. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना कुत्री सांभाळायला आणलं. आठ वर्षांत मळ्यातली कुत्री कमी होत गेली आणि मी गेलो तेव्हा एकच उरली होती, काळी कुळकुळीत मादी. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. काकीनं तिला बाळी केलं होतं. पहाटे मला जाग यायची ती आबांच्या शिट्टीनं. एक लांब शिट्टी म्हणजे असशील तिथे बस आणि माझ्याकडे बघ. मग आबांचा हात उजवीकडे, डावीकडे किंवा सरळ वर. त्यानंतर काकीच्या भाकरीची थापथाप ऐकू यायची. सांगलीत राहूनही काकीनं माणदेश सोडला नव्हता. ज्वारीच्या मुलखात ती बाजरीच थापायची, थंडीत हुलग्याचं माडगं करायची आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "पी गप. हाडं धरत्यात." भाकऱ्या मोजून व्हायच्या. दोन आबांना, दीड तिला, तीन मला आणि एक बाळीला, ताकात कुस्करून. त्यांची मुलगी सुमनताई विट्याला दिलेली, सणाला यायची आणि म्हणायची, "माझी खोली तुला दिली, माझी भाकरी कुत्रीला दिली. मी आता ओसरीवरची पावणी."

परीक्षा कशी असते ते थोडं सांगायला हवं. मालक किंवा शिकवणारा कुत्र्याला शेजारी बसवतो. लांब आडोशाला एक माणूस उभा असतो, तो टिकलीचं पिस्तूल वाजवतो आणि गुंडाळी हवेत फेकतो. कुत्र्यानं ती कुठे पडली हे बघून ठेवायचं आणि सोडल्यावर जाऊन ती आणून हातात द्यायची. काही गुंडाळ्या मात्र कुत्र्याच्या नकळत ठेवलेल्या असतात, तिथे शिट्टी आणि हातवारे करून त्याला न्यायचं. हे सगळं एका इंग्रजी नियमपुस्तकात होतं. कुत्री घेऊन येणारे बरेचसे निवृत्त जवान आणि शेतकरी, त्यांना ते वाचता येत नसे. डॉक्टरांनी दिवाळीच्या सुट्टीआधी ते माझ्या हातात ठेवलं. "तू मराठीत करशील ना?" मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो. हो म्हणालो. नाही म्हणायची आमच्याकडे सवयच नव्हती.

चुलीपाशी बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते केलं. कुत्र्यानं पाहिलेली ती 'दिसती पड' आणि न पाहिलेली ती 'आंधळी पड', ही नावं माझीच. आबांना ती फार आवडली. येणाऱ्या दूधवाल्याला थांबवून सांगायचे, "ह्या पोरानं नावं पाडल्यात, दिसती पड आन् आंधळी पड. इंग्रजीत न्हाईत एवढी ग्वाड." पण दिसत्या पडीवर शिट्टी मारली तर किती गुण कापायचे, यावर त्या पुस्तकात जवळजवळ दीड पान होतं. पहिलं वाक्य सरळ होतं: कुत्र्यानं पडताना पाहिलंय तर त्यानं स्वतःच्या नजरेनं आणि नाकानं शोधावं, माणसाच्या मदतीला किंमत द्यावी लागेल. त्याखालचा परिच्छेद मला लागेना. एकेक शब्द कोशात सापडायचा, पण सगळे मिळून काही म्हणत नव्हते. मी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला, नंतर कुणाला तरी विचारू म्हणून. मग डॉक्टरांचा निरोप आला, उद्या प्रती काढायच्यात. मी तो परिच्छेद सोडला. इतकंच नाही. सोडल्यामुळे नियम अर्धा वाटू नये म्हणून 'मदतीला किंमत द्यावी लागेल' याचं मी 'त्या पडीला शून्य' करून टाकलं. वाक्य कसं पक्कं वाटलं. आज उत्तरपत्रिका तपासताना एखादं पोर न कळलेलं असंच ठणकावून लिहितं, तेव्हा माझा लाल पेन थोडा वेळ थांबतो.

त्या हिवाळ्यात डॉक्टर मळ्यात आले, कट्ट्यावर चहा घेतला आणि म्हणाले, "आबा, माझ्यानं आता हे होत नाही. मुलगा परदेशी चाललाय. बाळी या वर्षी पास झाली की तिचं शिक्षण संपलं. मग ती तुमची. कागद तुमच्या नावावर करून देतो, म्हातारी होऊ दे तुमच्यापाशी. पण नाही झाली तर पुण्याला पाठवावी लागेल. तिथे एक चांगला शिकवणारा आहे, तो ठेवून घेईल. अर्धवट शिकलेली कुत्री मी टाकून देणार नाही." आबा उठून उभेच राहिले. "हुईल की पास. न हुयाला काय झालं?" डॉक्टर गेल्यावर काकी म्हणाली, "आवं, जरा बसा की आता. साहेब गेलं." आबा बसले नाहीत. बाळीला घेऊन पाटाच्या कडेनं चालत राहिले.

परीक्षा म्हसवडच्या बाजूला एका तळ्यावर होती. चौदा-पंधरा कुत्री आली होती. बाहेरून येणारे मुख्य परीक्षक आलेच नाहीत, त्यांच्या घरी आजारपण निघालं. माणसं लांबून आलेली, मांडव घातलेला, आता काय करायचं? दुसरे परीक्षक म्हणून तिथलेच एक निवृत्त सुभेदार होते, जाड मिशांचे, मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "अरे, पुस्तक मराठीत आणणारा हितं उभा हाय की. बसवा त्यालाच." सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे पुस्तक लिहिणारा आणि ते जाणणारा यांत कुणी फरक करत नाही. मी म्हणालो, "मला कुत्र्यातलं काही कळत नाही." सुभेदार म्हणाले, "कुत्र्यातलं मला कळतंय. तू पुस्तकातलं बघ. चल, टाइम नको खाऊ." मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, "मी आबांच्या घरचं खातो. बरोबर दिसणार नाही." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणूनच तू जास्त काटेकोर राहशील." त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मी मात्र ती अट समजून खुर्चीवर बसलो. त्या दिवशी आबांच्या घरच्या तीन भाकऱ्या माझ्या पाठीवर बसल्या होत्या आणि त्या कुणाला दिसू नयेत एवढीच माझी धडपड होती.

बाळीच्या आधी कोल्हापूरकडचा एक सोनेरी कुत्रा उतरला. तिसऱ्या पडीला तो चुकला. तळ्याच्या कडेची वेडी बाभळ त्यानं सगळी धुंडाळली, पाण्यात गेला, बाहेर आला, फेकणाऱ्या माणसापर्यंत जाऊन त्याला हुंगून आला. त्याचा मालक हाताची घडी घालून गप्प उभा. शेवटी ती गुंडाळी कुत्र्याच्या पायाखालीच आली म्हणायची. सुभेदार पुटपुटले, "एवढ्या वेळात खरं पाखरू उठून कर्नाटकात गेलं असतं." पण शिट्टी वाजली नव्हती. माझ्या पुस्तकाप्रमाणे तो पास.

बाळीनं पहिल्या दोन पडी अशा आणल्या की मांडवातली माणसं बोलायची थांबली. तिसऱ्या वेळी पिस्तूल वाजलं, गुंडाळी वर गेली, आणि नेमका त्याच क्षणी बांधावरून मेंढरांचा एक कळप आडवा आला. मेंढका ओरडत होता, मेंढरं सैरावैरा, गुंडाळी त्यांच्या पलीकडे कुठेतरी पडली. कळप गेल्यावर आबांनी बाळीला सोडलं. ती सरळ गेली आणि जिथे मेंढरं मघाशी घोळकून उभी होती तिथल्या वासात डावीकडे ओढली गेली. आबांनी दोन श्वास वाट पाहिली. मग एक लांब शिट्टी. बाळी गर्रकन वळून खाली बसली. उजवा हात. बाळी उजवीकडे, बाभळीत, आणि गुंडाळी तोंडात घेऊन बाहेर. टाळ्या पडल्या. आबा मात्र टाळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

सुभेदार खुर्ची सरकवून जवळ आले. "काम साफ झालं. एक शिट्टी, एक हात, खेळ खलास. आमच्या युनिटात पाठ थोपटली असती. पुस्तक काय म्हणतंय रं?"

मी माझी प्रत उघडली आणि वाचलं, "दिसत्या पडीवर शिट्टी मारून वळवल्यास त्या पडीला शून्य. कोणत्याही पडीला शून्य मिळाल्यास कुत्रा नापास."

"आन् मेंढरं आडवी आली त्याचं?"

"ते नाही त्यात."

"खाली काय लिवलंय?"

"खाली पुढचा नियम आहे."

सुभेदारांनी मिशी चावली. "इंग्रजीत बी एवढंच हाय?"

इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. पेन्सिलीचा गोल त्यात होता. मला काय वाटलं ते आज खरं सांगायचं तर एवढंच, की आता पुस्तक काढलं तर सगळ्यांना कळेल मला ते वाचता येत नाही. आणि शून्य दिलं तर कुणी म्हणणार नाही की भाकरीला जागला. दोन्ही गोष्टी एकाच शब्दानं साधत होत्या. मी म्हणालो, "एवढंच."

निकाल मीच वाचला. आबा पुढे आले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "बरोबर हाय सर." तोवर त्यांनी मला कधी सर म्हटलं नव्हतं, अरे-तुरेच करायचे. परत येताना टेम्पोत बाळी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली. तिला काय, तिनं तिन्ही गुंडाळ्या आणल्या होत्या. घरी काकी दारातच उभी होती. आबा म्हणाले, "माझं चुकलं. दिसत्यावर शिट्टी मारली." काकी उसळली. "मारायची न्हाई हे म्हाईत न्हवतं व्हय तुमास्नी? घरात पुस्तक करणारा बसलाय, इचारायचं तरी!" आबा म्हणाले, "तिला दिसलंच न्हवतं गं. खोटं हुडकत बसण्यापरीस सांगितल्यालं बरं, असं वाटलं. पर पुस्तकात न्हाई म्हटल्यावर न्हाई."

चौथ्या दिवशी मी तो परिच्छेद वहीत उतरवून कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांकडे नेला. त्यांनी चहा पिता पिता वाचला. "सोपं आहे हे," ते म्हणाले. त्यात लिहिलं होतं की मदत किती लागली आणि कुत्र्यानं ती कशी मानली हे परीक्षकानं तोलावं. एकदाच, थोडक्यात दिलेली आणि लगेच मानलेली सूचना ही सगळं रान तुडवत केलेल्या लांब शोधापेक्षा चांगली समजावी. आणि काही अडथळ्यानं कुत्र्याला पड नीट दिसली नसेल, तर त्याला ती पुन्हा द्यावी. सरांनी विचारलं, "कशासाठी हवं होतं?" मी म्हणालो, "सहज."

बाळीला पुण्याला नेणारी गाडी रविवारी येणार होती. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. एक वाक्य बोलायचं होतं, डॉक्टरांपाशी किंवा आबांपाशी, कुणापाशीही. सायकलवरून जाताना मी ते तयार करायचो. 'माझ्याकडून एक परिच्छेद राहिला.' असं म्हटलं तर साधी चूक वाटली असती. पण सुभेदारांनी विचारलं तेव्हा मी 'एवढंच' म्हणालो होतो, ती चूक नव्हती. त्याचं वाक्य मला जमेना. गुरुवारी डॉक्टर मळ्यात आले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अवघड होतं, पण तू डगमगला नाहीस." त्यानंतर तर संपलंच. रविवारी मी लायब्ररीत जातो म्हणून सकाळीच बाहेर पडलो. संध्याकाळी आलो तेव्हा आबा पत्र्याच्या शेडमधली जमीन झाडत होते. झाडून झालेलीच जमीन.

त्यानंतर मी तिथे सव्वा वर्ष राहिलो. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते हे सव्वा वर्ष. शिट्टी बंद झाली, मी घड्याळाचा गजर लावायला लागलो. आबा परड्यात वांगी लावायचे, फारसं बोलायचे नाहीत, पण माझ्या परीक्षेची तारीख त्यांना माझ्याआधी माहीत असायची. काकीचा हात मात्र सवयीनं तेवढ्याच भाकऱ्या थापायचा. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की ती क्षणभर तिच्याकडे बघायची आणि माझ्या ताटात टाकायची. "उरलीया. खा." मी खायचो. एकदाही नको म्हणालो नाही, कारण नको म्हणायचं कारण सांगावं लागलं असतं.

पदवी झाली, पुण्याला पुढचं शिक्षण, मग दुसऱ्याच जिल्ह्यात नोकरी. सुरुवातीला दिवाळीला फोन करायचो. आबा विचारायचे, "जेवतोस का येळेवर?" मी बाळीचं कधी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. नंतर आबा आणि काकी म्हसवडकडे परत गेले, नंबर बदलला, आणि मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माणसाला वाटतं की अशा जुन्या गोष्टी आपल्याशिवाय कुणाला आठवत नसणार. मीही तसंच धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. सुमनताई होती. माझा नंबर तिला आष्ट्याच्या कुणाकडून मिळाला. आबा गेले. तिसरा आठवडा झाला होता, कामाच्या गडबडीत कळवायचं राहिलं म्हणाली. काकी तर आधीच गेली होती, तेही मला माहीत नव्हतं. मी काहीतरी बोललो, असं कसं, त्रास झाला का, वगैरे. ती उत्तरं देत होती. मग न राहवून मी म्हणालो, "ताई, मला आबांना एक सांगायचं होतं. त्या परीक्षेचं. बाळीच्या."

"ते व्हय," ती म्हणाली. "त्यास्नी म्हाईत हुतं रं."

"कसं?" मी विचारलं.

"ते मिशीवालं सुभेदार आलं हुतं की घरला. कुत्री गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात. तू कालेजात हुतास. त्येंनी कुठल्या तरी मेजरसायबाकडनं पुस्तक वाचून घेतलं हुतं. लय तापलं हुतं. म्हनलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला, पोराला बी घ्या, कुत्री माघारी आणू. मी तितंच हुते, माहेरपणाला आल्ते."

"मग?"

"आबा उठलं न्हाईत. म्हनलं, पोरगं खोटं पडंल चारचौघांत. त्याच्या घरातलं पयलंच हाय कालेजात, डॉक्टर बाहीर काढत्याल त्याला. आई तर लय रडली. ती म्हनली, आवं, कुत्री जाऊ द्या, पर त्याला निदान कळू द्या तुमास्नी कळलंय ते. तर आबा म्हनलं, आता नको, त्याची परीक्षा हाय. परीक्षा हुंदे, मग तोच सांगंल आपल्या तोंडानं."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती तिकडे म्हणाली, आणि मग मला, "दर दिवाळीला तुझा फोन आला की आई इचारायची, सांगितलं का त्यानं? आबा म्हनायचं, न्हाई अजून."